लेझरने जंगल मोजायचे तर: नाशिकच्या नवख्यांसाठी पायरी-पायरीने

हरसूलच्या पुढच्या सागवनात, पेठ-सुरगाण्याच्या डोंगरांत किंवा इगतपुरीच्या घाटमाथ्यावर जंगल मोजायचे म्हणजे आजही टेप, खडू, वही आणि दोन-तीन जाणती माणसे. एकाने छातीच्या उंचीला टेप गुंडाळायचा, घेर ओरडून सांगायचा, दुसऱ्याने लिहायचा. या पद्धतीत खोट काहीच नाही. अडचण एवढीच, की शे-दोनशे हेक्टरांच्या कक्षातले (वनविभागाने पाडलेल्या जंगलाच्या क्रमांकित तुकड्यातले) प्रत्येक झाड असे मोजायला माणसे पुरत नाहीत. म्हणून थोडे मोजून बाकीच्याचा अंदाज बांधतात. लेझर स्कॅनिंग आणि एआय यांचा खरा उपयोग या अंदाजाच्या जागी आहे. थोड्या जागेवर हाताने घेतलेले चोख माप मोठ्या जागेवर पसरवायला ती मदत करतात. हातच्या मापाशिवाय मात्र त्यांचा आकडा बेवारस असतो.

हा लेख वनशास्त्र-भूगोलाचे विद्यार्थी, सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांतली तरुण मुले-मुली, संस्थांचे कार्यकर्ते आणि बांधावर साग लावून बसलेले शेतकरी यांच्यासाठी आहे. संगणक चालवता येतो आणि उन्हात डोंगर चढायची तयारी आहे, एवढे गृहीत धरले आहे.

१. यंत्राचे नाव काढण्याआधी प्रश्न लिहा

"आम्हाला लायडार सर्व्हे (लेझरने अंतर मोजून केलेली पाहणी) करायचा आहे" हा प्रश्न नव्हे. प्रश्न असा हवा: या रोपवनात विरळणी करायची तर कुठल्या पट्ट्यात झाडे दाटली आहेत? गावाच्या वनहक्क क्षेत्रात लाकूडसाठा किती आणि तो वाढतो आहे की घटतो आहे? उताराच्या कुठल्या भागात सलग समतल चर खोदले तर पाणी अडेल? पाच वर्षांपूर्वीच्या वणव्यानंतर छत्र, म्हणजे झाडांच्या माथ्यांचे आच्छादन, पुन्हा भरले का?

प्रत्येक प्रश्नाचे यंत्र वेगळे. चर आखायला जमिनीचा अचूक उंच-सखल नकाशा लागतो, झाड-न्-झाड वेगळे दिसायची गरज नसते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०२१ मध्ये वापकॉस या सरकारी सल्लागार कंपनीकडून करून घेतलेल्या लायडार सर्वेक्षणाचे १० राज्यांचे प्रकल्प अहवाल प्रसिद्ध केले, त्यांत महाराष्ट्रही होता. त्या कामाचा हेतू हाच होता: वनक्षेत्रात पाणी आणि चारा वाढवणारी कामे जमिनीच्या उतारानुसार आखणे. लाकूडसाठ्याचा प्रश्न निराळा. तिथे खोडाची जाडी लागते, आणि वरून उडणाऱ्या यंत्राला खोड क्वचितच दिसते.

प्रश्न एका वाक्यात, कोणत्या क्षेत्रासाठी, आणि किती चूक चालेल हे लिहून ठेवा. दहा टक्के चूक चालणार असेल तर खर्च एक, दोन टक्केच चालणार असेल तर खर्च भलताच दुसरा.

२. लेझर नेमके काय मोजतो

यंत्र प्रकाशाचा अगदी छोटा ठिपका सोडते, तो कशावर तरी आपटून परत येतो आणि जायला-यायला लागलेल्या वेळावरून अंतर निघते. प्रकाश एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, सुमारे ३० सेंटिमीटर जातो. जाऊन परत यायचे असल्याने वेळ मोजण्यात एका नॅनोसेकंदाची चूक झाली तर अंतर १५ सेंटिमीटरने चुकते. यावरून या यंत्रातल्या घड्याळाची कल्पना यावी. असे लाखो ठिपके मिळून जो त्रिमितीय ढग तयार होतो त्याला पॉइंट क्लाउड म्हणतात.

जंगलाच्या कामात महत्त्वाची गोष्ट अशी, की एकाच ठिपक्याचे अनेक परतावे येऊ शकतात. थोडा प्रकाश शेंड्याच्या पानावर आपटून परततो, थोडा मधल्या फांदीवरून आणि उरलेला, वाट सापडली तर, जमिनीवरून. पहिल्या आणि शेवटच्या परताव्यातला फरक म्हणजे ढोबळ मानाने झाडाची उंची. छायाचित्रात फक्त वरचे छत दिसते. लेझर छताच्या फटींतून खाली उतरतो, हा त्याचा मोठेपणा. पण फटी असतील तरच. कारवी किंवा घाणेरीची गच्च जाळी असेल तर तो जमिनीपर्यंत पोचत नाही आणि संगणक झुडपाच्या माथ्यालाच जमीन समजतो.

३. यंत्र निवडणे

सुरुवात फुकट मिळणाऱ्या गोष्टीपासून करा. नासाचे गेडी हे उपकरण डिसेंबर २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर गेले आणि एप्रिल २०१९ पासून ते वरून जंगलाची उंची मोजू लागले. मधे मार्च २०२३ पासून वर्षभर ते बंद ठेवले होते, एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाले. ५१.६ अंश उत्तर-दक्षिण अक्षांशांमधली जमीन ते पाहते, म्हणजे नाशिक त्यात आलेच. त्याची माहिती गूगल अर्थ इंजिनवर कोणालाही बघता येते.

नवखा माणूस इथे हमखास फसतो, म्हणून जरा थांबतो. गेडीचा एक ठिपका जमिनीवर सुमारे २५ मीटर व्यासाचा पडतो. सपाटीवर ठीक आहे. पण ब्रह्मगिरीच्या किंवा अंजनेरीच्या ३० अंशांच्या उतारावर त्या एकाच ठिपक्यात वरच्या आणि खालच्या कडेच्या जमिनीत सुमारे १४ मीटरचा फरक असतो. आपल्याकडचा मध्यम साग तेवढाच उंच! उताराचा हा पसारा झाडाच्या उंचीत मिसळतो आणि बोडक्या कड्यावरही जंगल दिसू लागते. शिवाय ठिपका नकाशावर जिथे दाखवला आहे तिथून तो सुमारे १० मीटर इकडेतिकडे असू शकतो. त्यामुळे तीव्र उतारावरचे ठिपके आधी गाळा, मग उरलेले वापरा. तेही तालुक्याचे चित्र समजण्यासाठी, एखाद्या गावाच्या वीस हेक्टरांसाठी नव्हे.

दुसरा पर्याय खिशातला. २०२० पासून काही आयफोन प्रो आणि आयपॅड प्रोमध्ये लेझर सेन्सर येतो. त्याची पोच सुमारे ५ मीटर. खोडाचा व्यास आणि झाडाची जागा टिपायला तो चांगला, उंचीसाठी निरुपयोगी. फॉरेस्टस्कॅनर नावाचे ॲप यासाठीच बनलेले आहे: फोन खोडावर रोखला की व्यास आणि जागा नोंदली जाते. शिकण्यासाठी यापेक्षा स्वस्त वाट नाही. मित्राचा फोन मागून घ्या, पण आधी चार झाडांवर टेप लावून ताडून बघा.

हातात धरून चालायचे स्कॅनर तिसरे. चालता चालता ते भोवतालचा ढग गोळा करतात आणि स्वतःची जागाही त्यातूनच ओळखतात. किंमत लाखांत, त्यामुळे भाड्याने घेणेच परवडते. खोड, फांद्या, झाडांची मांडणी असे सगळे यात येते. माझ्या मते वीस-तीस हेक्टरांच्या गावच्या जंगलासाठी हेच सर्वांत उपयोगी. तिकाटण्यावर उभे करायचे स्कॅनर आणखी अचूक, पण जागोजाग मांडत बसावे लागते. ते संशोधनासाठी राहू द्या.

चौथा, ड्रोनवरचा लायडार. शंभर हेक्टरांच्या पुढे त्याला तोड नाही. मात्र त्याच्यासोबत कागदपत्रांचा मोठा गठ्ठा येतो.

४. परवानग्या

राखीव वनात मोजणी करायची तर वनविभागाची लेखी परवानगी लागते. नाशिक जिल्ह्यात पूर्व आणि पश्चिम असे वेगवेगळे वनविभाग आहेत. तुमचा कक्ष कोणत्या परिक्षेत्रात येतो ते आधी शोधा, नाहीतर अर्ज चुकीच्या टेबलावर पडून राहतो. सामूहिक वनहक्काचे क्षेत्र असेल तर ग्रामसभेचा ठराव घ्या. पेठ, सुरगाणा, कळवण हे पेसा क्षेत्रातले, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना खास अधिकार देणारा कायदा लागू असलेले तालुके आहेत. तिथे ग्रामसभेला न विचारता काम सुरू करणे बेअदबीचे तर आहेच, पण कामही अडते. ठरावात दोन गोष्टी स्पष्ट लिहून घ्या: माहिती कोणाकडे राहील, आणि देवराई किंवा औषधी वनस्पतींच्या जागा नकाशात दाखवायच्या की नाहीत.

ड्रोनसाठी २०२१ चे ड्रोन नियम आहेत. २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो, २ किलोपर्यंतचा मायक्रो, २ ते २५ किलोपर्यंतचा स्मॉल. लायडार लावलेला ड्रोन सहसा स्मॉल वर्गात जातो, म्हणजे नोंदणी क्रमांक हवा आणि चालकाकडे रिमोट पायलटचे प्रमाणपत्र हवे. सरकारी हवाई नकाशावरच्या हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत वेगळ्या परवानगीशिवाय उडता येते. पण नाशिकभोवती ओझरचा विमानतळ, देवळालीचा तोफखाना, गांधीनगरचा लष्करी हवाईतळ, नाशिकरोडचे नोटांचे छापखाने असे सगळे आहे. सरकारच्या हवाई क्षेत्र नकाशावर जागा तपासल्याशिवाय पंखा फिरवू नका. आदल्या आठवड्यात पाहिले होते, हे कारण चालत नाही, कारण क्षेत्रे बदलतात.

२०२१ च्या भू-स्थानिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार आडवे १ मीटर आणि उभे ३ मीटर यापेक्षा बारीक अचूकतेची माहिती भारतीय संस्थांनीच गोळा करायची आणि ती भारतातच साठवायची आहे. ड्रोन-लायडारची माहिती नेहमीच या मर्यादेपेक्षा बारीक असते. परदेशी क्लाउडवर फाइल चढवण्याआधी हे आठवा.

आणि एक परवानगी कागदावर नसते. अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडे घरटी करतात, आणि त्यांचा विणीचा हंगाम हिवाळ्यात पडतो. कड्याजवळ त्या काळात ड्रोन नेऊच नका. मोजणी दोन महिने पुढे गेली तर काही बिघडत नाही.

५. कोणत्या महिन्यात जायचे

पावसाळ्यात हा विषयच नाही. इगतपुरी-त्र्यंबकच्या धुक्यात लेझर पाण्याच्या कणांवरूनच परततो आणि ओली पाने त्याचा बराच प्रकाश गिळतात.

बाकी वर्षाचे दोन भाग करा. फेब्रुवारी ते एप्रिल साग आणि ऐन बहुतेक निष्पर्ण असतात. या दिवसांत जमीन आणि खोडे उत्तम दिसतात, म्हणून चर आखणे, व्यास मोजणे, चालत स्कॅन करणे ही कामे तेव्हा करा. तोटा असा, की शेंड्याच्या बारीक काटक्या लेझरच्या ठिपक्यांतून निसटतात आणि उंची थोडी कमी भरते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाने भरलेली, आभाळ स्वच्छ आणि गवत पिवळे पडू लागलेले असते. छत्राची घनता, प्रजाती ओळखणे, उंची यासाठी हा काळ बरा. एकदा जो काळ धराल, पुढच्या मोजणीलाही तोच धरा. मार्चचे जंगल आणि नोव्हेंबरचे जंगल यांची तुलना केली तर संगणक अर्धे जंगल तोडले गेल्याचे सांगेल.

मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पडतात. पहाटेपासून बायका-मुले जंगलात असतात, झाडाखालचा पाचोळा जाळून जागा साफ केलेली असते. धूर असेल त्या दिवशी स्कॅन टाळा. आणि डोक्यावर ड्रोन घिरट्या घालणार असल्याचे आदल्या संध्याकाळी पाड्यावर सांगून ठेवा.

६. टेपचे प्लॉट: हे टाळू नका

सगळ्यात कंटाळवाणी पायरी, आणि सगळे काम हिच्यावर उभे आहे. २५-३० प्लॉट, म्हणजे प्रत्येक झाड हाताने मोजायचे नमुन्याचे तुकडे, तरी आखा. ते रस्त्याच्या कडेला सोयीचे बघून घेऊ नका. दाट, विरळ, उतार, सपाटी, साग, मिश्र अशा प्रत्येक प्रकारात पडतील असे वाटून घ्या.

०.१ हेक्टरचा गोल प्लॉट म्हणजे १७.८४ मीटर त्रिज्या. हे अंतर आडवे आहे, उतारावरचे नव्हे. ३० अंशांच्या उतारावर सरळ वर किंवा खाली जाताना टेप सुमारे २०.६ मीटर सोडावा लागतो. ही दुरुस्ती विसरली की प्लॉट लहान होतो आणि हेक्टरी झाडे कमी भरतात.

प्लॉटमधल्या प्रत्येक झाडाचा घेर १.३७ मीटर उंचीवर घ्या. उतारावर वरच्या बाजूला उभे राहून ही उंची मोजायची. घेराला ३.१४ ने भागले की व्यास. १० सेंटिमीटर व्यास, म्हणजे ३१.४ सेंटिमीटर घेर, ही खालची मर्यादा ठेवली तर भारतीय वन सर्वेक्षणाच्या पद्धतीशी ती जुळते. प्रजाती, अंदाजे उंची, फांद्या छाटलेल्या आहेत का, एका बुंध्याचे किती फुटवे, ही चार खाती वहीत हवीतच. शेवटच्या दोन खात्यांकडे आपण पुढे येऊ.

प्लॉटच्या मध्याची जागा फोनच्या जीपीएसवर भरवसून लिहू नका. छत्राखाली तो सहज ५-१० मीटर चुकतो, आणि मग तुमचा प्लॉट एका झाडांवर तर ड्रोनचा आकडा दुसऱ्याच झाडांवर बसतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कोर्स केंद्रांच्या (जागा पक्की माहीत असलेल्या, सतत चालू असणाऱ्या जीपीएस केंद्रांच्या) जाळ्यावरून अचूक दुरुस्ती मिळते, पण घाटात मोबाइलची रेंज नसते. यंत्रात कच्ची नोंद घेऊन घरी येऊन दुरुस्ती करण्याची सोय ठेवा. मध्यावर लोखंडी खुंटी ठोका. लाकडी खुंटी वाळवी खाते.

लहान रोपे, गवतातले पुनरुत्पादन, बांबूचे कोंब हे लेझरला दिसत नाही असे धरून चाला. त्यासाठी प्लॉटमध्ये छोटे चौकोन आखून हातानेच मोजायचे. शाश्वत व्यवस्थापनात उद्याचे जंगल म्हणजे हीच रोपे, त्यामुळे ती सोडून चालणार नाही.

७. स्कॅन

हातातला स्कॅनर घेऊन जिथून निघालात तिथेच परत या. मधेही आपलाच मार्ग दोन-तीनदा छेदा. यंत्र स्वतःची जागा आठवणीने काढत असते, आणि चालत गेलेली वाट पुन्हा भेटली की ते साचलेली चूक दुरुस्त करते. सरळ आत जाऊन दुसऱ्या टोकाने बाहेर पडलात तर झाडे दुहेरी दिसू लागतात. १०-१५ मीटर अंतराच्या समांतर फेऱ्या घाला, हळू चाला, मदतनीसांना मागे ठेवा. सकाळी, वारा पडलेला असताना.

ड्रोनला जमिनीच्या चढउताराप्रमाणे उंची बदलायला लावणे त्र्यंबकसारख्या भागात सक्तीचे आहे. एकाच उंचीवर उडवला तर दरीत तो फार वर राहतो आणि समोरच्या सुळक्याला धडकायची भीतीही असते. जमिनीपासून ६०-८० मीटर, फेऱ्यांची निम्मी तरी व्याप्ती एकमेकींवर, आणि चौरस मीटरला ५०-१०० बिंदू मिळाले तर झाडे सुटी करता येतात.

८. संगणकावर

फाइल लास किंवा तिच्या आवळलेल्या लॅझ स्वरूपात येते. पाहण्यासाठी क्लाउडकंपेअर आणि क्यूजीआयएस, हिशेबासाठी आर भाषेतले लिडआर पॅकेज. तिन्ही फुकट. सेवा देणारी कंपनी फक्त तिच्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी फाइल देत असेल तर घेऊ नका.

क्रम असा. आधी कचरा काढा: पक्षी, धूळ, हवेतले सुटे बिंदू. मग जमीन वेगळी करा. यासाठी कापडाची पद्धत सोपी आहे: संगणक सगळा ढग उलटा करतो आणि त्यावर काल्पनिक चादर टाकतो, चादर जिथे टेकते ती जमीन. चादर किती ताठ ठेवायची हे तुम्ही ठरवता. घाटातल्या कड्यांसाठी ती मऊ लागते, नाहीतर कडाच झाड ठरतो. जमिनीच्या बिंदूंना प्रमाणित वर्गवारीत २ हा क्रमांक असतो. पुढे प्रत्येक बिंदूच्या उंचीतून खालच्या जमिनीची उंची वजा केली की राहते ती वनस्पतींची उंची, आणि तिच्यातून छत्राच्या उंचीचा नकाशा. चौकोन अर्ध्या मीटरचा किंवा त्याहून बारीक ठेवा.

या टप्प्यावर हे नकाशे निव्वळ डोळ्यांनी बघण्यात वेळ घालवा. जमिनीच्या नकाशात अचानक टेकाड दिसले तर तिथे बहुधा घाणेरीची जाळी आहे. त्या जागी जाऊन बघा.

खोडांसाठी जमिनीपासून १.३७ मीटरवरचा पातळ काप घेऊन त्यात वर्तुळे बसवतात. बऱ्याच परदेशी सॉफ्टवेअरमध्ये हा आकडा १.३ असतो, तो बदला. सागाच्या बुंध्याला खाचा असतात, तिथे वर्तुळ नीट बसत नाही आणि व्यास जास्त येतो. अशी झाडे यादीतून हाताने तपासावीत.

९. एआय: त्याला राब माहीत नाही

एआय इथे तीन कामे करते. ढगातून एकेक झाड सुटे करणे, प्रजाती ओळखणे, आणि प्लॉटमध्ये मोजलेला साठा सेंटिनेल-२ सारख्या उपग्रहाच्या १० मीटरच्या चित्रांवरून बाकीच्या क्षेत्रावर पसरवणे. तिसऱ्या कामाला रँडम फॉरेस्टसारखी (हो-नाही प्रश्नांच्या अनेक साखळ्यांचे उत्तर एकत्र करून अंदाज बांधणारी) साधी पद्धतही पुरते. नवख्याने तिथूनच सुरुवात करावी.

तयार मॉडेल भरपूर मिळतात. फिनलंडने २००८ पासून देशभर विमानातून लेझर मोजणी चालवली, २०२० पासून चौरस मीटरला ५ बिंदूंच्या घनतेने दुसरी फेरी सुरू केली आणि ती माहिती खुली ठेवली. तिथले जंगल म्हणजे मुख्यतः पाइन, स्प्रूस आणि बर्च. स्प्रूसचा एक बुंधा, एक टोकदार शेंडा, त्यामुळे शेंडे मोजले की झाडे मोजली. छत्रे ओळखणारे डीपफॉरेस्ट हे खुले मॉडेलही अमेरिकेतल्या जंगलांच्या चित्रांवर शिकलेले आहे.

आता आपले जंगल बघा. पश्चिम नाशिकमध्ये भात-नागलीची रोपे टाकण्याआधी राब भाजतात, म्हणजे फांद्या-पाला जाळून रोपांची जमीन तयार करतात. त्यासाठी ऐनाच्या आणि इतर झाडांच्या फांद्या वर्षानुवर्षे छाटलेल्या असतात. मांडीपेक्षा जाड खोड आणि वर झाडूसारखा छोटा गुच्छ. छत्राच्या आकारावरून खोडाची जाडी ओळखायला शिकलेले मॉडेल अशा झाडाला कोवळे समजते आणि लाकूडसाठा कमी दाखवते. दुसरीकडे तोडलेल्या सागाच्या बुंध्याला तीन-चार फुटवे येतात, त्यांची छत्रे एकमेकांत मिसळतात. मॉडेल त्या चौघांचे मिळून एक भलेमोठे झाड करते आणि साठा जास्त दाखवते. दोन्ही चुका एकाच कक्षात असल्या तर बेरीज योगायोगाने बरोबर येईलही, आणि तुम्ही खुश व्हाल. म्हणूनच वहीत छाटणी आणि फुटवे यांची खाती ठेवायला सांगितले. मॉडेलला या दोन गोष्टी वेगळे वर्ग म्हणून शिकवा. छाटलेल्या झाडांसाठी छत्रावरून जाडी काढूच नका, तिथे जमिनीवरून घेतलेले व्यास वापरा.

शिकवणीची यादी करताना एका झाडाला एकच नाव ठेवा. एकाने ऐन आणि दुसऱ्याने सादडा लिहिले तर संगणक दोन प्रजाती बनवतो.

तपासणी कशी करायची? समजा एका प्लॉटमध्ये टेपने ४० झाडे आहेत. मॉडेलने ३९ सांगितली. छान वाटते. पण नकाशावर एकेक झाड जुळवून पाहिले तर त्यांतली ३४ च खरी निघाली, ५ भासमान, आणि ६ सुटलेली. नुसती संख्या जुळणे म्हणजे काहीच नाही. शिवाय ज्या प्लॉटवर शिकवले त्याच्या शेजारच्याच प्लॉटवर परीक्षा घेऊ नका. शेजारचे जंगल सारखेच असते, त्यामुळे मॉडेल पास होणारच. हरसूलकडचे प्लॉट देऊन शिकवा आणि पेठच्या प्लॉटवर तपासा. मिळालेली टक्केवारी दुखेल, पण खरी असेल.

१०. आकड्यावरून निर्णय

एक झाड घेऊन हिशेब करू. घेर ७८.५ सेंटिमीटर, म्हणजे व्यास २५. उंची १२ मीटर, लाकडाची घनता ०.६ (ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर) धरू. उष्ण कटिबंधातल्या झाडांसाठी २०१४ मध्ये शाव्ह आणि सहकाऱ्यांनी दिलेले सूत्र बरेच वापरले जाते: घनता, व्यासाचा वर्ग आणि उंची यांचा गुणाकार करा, त्याचा ०.९७६ वा घात घ्या आणि ०.०६७३ ने गुणा. इथे गुणाकार ४५०० येतो आणि जमिनीवरचे कोरडे वजन सुमारे २४७ किलो. त्यातला कार्बन ०.४७ पट, म्हणजे ११६ किलोच्या आसपास.

आता व्यास १० टक्क्यांनी जास्त मोजला, म्हणजे २७.५, तर वजन सुमारे २० टक्क्यांनी वाढते. उंचीत तेवढीच चूक झाली तर वजन १० टक्क्यांच्या आतच हलते. ड्रोन उंची उत्तम देतो आणि व्यास देत नाही, हे लक्षात घेतले की टेप अजून का लागतो ते कळेल.

शाश्वत तोडीचा साधा नियम: वाढीपेक्षा कमी काढायचे. समजा पाच वर्षांत साठा हेक्टरी ४० घनमीटरवरून ४५ झाला. वर्षाला १ घनमीटर वाढ. पण तुमच्या मोजणीत १० टक्के चूक असेल तर ती ४ घनमीटर होते, म्हणजे जवळजवळ सगळी वाढच त्या चुकीत बुडाली. असल्या आकड्यावर कूप (तोडीचा पट्टा) आखणे धोक्याचे. अशा वेळी वाढीसाठी कायमच्या प्लॉटमधल्या क्रमांक घातलेल्या झाडांचे टेपचे माप धरा. लेझर कुठे दाट, कुठे विरळ, कुठे खिंडार पडले हे सांगायला वापरा. विरळणीचा पट्टा, पुनर्लागवडीची जागा, चराईबंदीचा कोपरा हे निर्णय त्यावरून नीट घेता येतात. बांबूचे बेट तोडताना कोवळी काठी कोणती आणि जुनी कोणती हे लेझर सांगत नाही. तोडणारा पेरांवरची टरफले बघून सांगतो.

बांधावरच्या सागाची गोष्ट वेगळी. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ प्रमाणे साग तोडायला परवानगी लागते. तुमच्या फोनने काढलेली यादी अर्जाला जोडायला उपयोगी, पण पाहणी आणि परवानगी यांची जागा ती घेत नाही.

११. माहिती जपणे

कच्ची लॅझ फाइल कधीही पुसू नका. आज जमीन नीट वेगळी झाली नसेल तर तीन वर्षांनी बऱ्या पद्धतीने त्याच फाइलमधून होईल. दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा, एक गावात आणि एक बाहेर. सोबत एका साध्या मजकूर फाइलमध्ये लिहा: तारीख, यंत्र, उंची, पाने होती की नव्हती, कोणती मापप्रणाली, जमीन वेगळी करताना कोणते आकडे दिले, प्लॉट कोणी मोजले. फाइलच्या नावात परिक्षेत्र, कक्ष क्रमांक आणि महिना-वर्ष असू द्या. "फायनल-नवीन-२" असल्या नावाची फाइल दोन वर्षांनी कोणालाच ओळखता येत नाही.

ग्रामसभेला पेन ड्राइव्ह देऊन मोकळे होऊ नका. भिंतीवर लागेल एवढा मोठा छापील नकाशा द्या. त्यावर कक्ष क्रमांकांबरोबर ओहोळ, खिंडी, पाणवठे आणि माळ यांची गावातली नावे असावीत. ती नावे छापण्याआधी दोन वयस्कर माणसांना आणि मोह वेचायला जाणाऱ्या दोन बायकांना दाखवून तपासून घ्या. नकाशातल्या चुका तेच सगळ्यांत आधी सांगतात, आणि त्या दुरुस्त करूनच छपाईला द्यायचे.